शिरीषला घेऊन अकिताला

अकिता म्हटलं की पुण्याचे लोक मला कुत्र्याबद्दल विचारतात. तो प्रसिद्ध कुत्रा आम्हाला एकदाही दिसला नाही. अकिता हा जपानच्या उत्तरेकडचा, डोंगर आणि भातखाचरांचा प्रांत. आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या कुदो-सान मूळच्या तिथल्या. मे महिन्याच्या मोठ्या सुट्टीत अकिताला जायचं म्हणतेय, असं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पण वृंदा-सान, तिथे काहीच नाहीये."

काहीच नसलेली जागाच मला हवी होती. "तुमच्या मिस्टरांना कुठेतरी निसर्गात, शांत ठिकाणी घेऊन जा," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

शिरीष म्हणजे माझा नवरा. बॅटरीत वापरायच्या पदार्थांवर संशोधन करणारा. पुण्याहून पीएचडी करून आला आणि इथल्याच एका संस्थेत, दरवेळी वाढत जाणाऱ्या करारावर काम करत राहिला. २०११च्या भूकंपानंतर तोक्योत ओजिमातल्या आमच्या इमारतीतली भारतीय कुटुंबं बॅगा भरून विमानतळाकडे निघाली, तेव्हा हा सायकल काढून लॅबमधली आडवी झालेली उपकरणं उभी करायला गेला होता. इरा, आमची मुलगी, तेव्हा रांगत होती. मी तिला कडेवर घेऊन दारात उभी राहून रडले होते. "ज्यांनी आपल्याला उभं केलं त्यांना अशा वेळी टाकून जायचं?" असं म्हणाला होता तो.

गेल्या वर्षी त्याचे प्रोफेसर निवृत्त झाले, लॅब बंद झाली आणि करार वाढला नाही. कोणी वाईट वागलं नाही. निरोपाला फुलं दिली, कमरेत वाकून नमस्कार केले. सत्तेचाळिसाव्या वर्षी पीएचडीनंतरच्या पोस्टडॉक जागांसाठी तो म्हातारा होता आणि भारतातल्या जागांसाठी फार दिवस बाहेर राहिलेला. शरद ऋतूपासून तो सोफ्यावर बसू लागला. आधी लॅपटॉप घेऊन, मग लॅपटॉपशिवाय. हिवाळ्यात त्याने दाढी करणं सोडलं, कचरा वेगळा करणं सोडलं, बोलणं जवळजवळ सोडलं. मी एदोगावातल्या शाळेत गणित शिकवते. घरी आले की तो जिथे असायचा तिथेच असायचा.

इराला जवळच इचिकावाला माझ्या मैत्रिणीकडे, मंजिरीकडे ठेवलं आणि आम्ही निघालो.

काकुनोदाते

हे गाव सामुराईंच्या जुन्या घरांसाठी आणि त्यांच्या काळ्या कुंपणांवरून ओघळणाऱ्या चेरीच्या झाडांसाठी ओळखलं जातं. आम्ही पोचलो त्याच्या आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला होता आणि बहर संपला होता. पाकळ्या गटारात तपकिरी होऊन साचल्या होत्या, नगरपालिकेची माणसं खराट्याने त्या लोटत होती. पर्यटक बहुतेक निघून गेले होते. मला खरं तर बरं वाटलं. शिरीषला गर्दी सोसत नव्हती.

घरं सुंदर आहेत हे सांगायला हवं. लांब, बुटकी, काळ्या लाकडाची. एका घरात चूल होती, आपल्याकडच्यासारखी धुराने काळी झालेली. मी उत्साहाने म्हटलं, "बघ रे, आजोळी होती तशी." त्याने बघितलं. बघ म्हटलं की तो बघायचा, चल म्हटलं की चालायचा, बस म्हटलं की बसायचा. कोणी लांबून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, किती ऐकतो नवरा.

रस्त्याच्या कडेला रंगीत छत्रीखाली एक आजीबाई आइस्क्रीम विकत होत्या. अकितात ही पद्धतच आहे. म्हाताऱ्या बायका पत्र्याच्या डब्यातून उलथन्याने गुलाबी आणि पिवळं आइस्क्रीम काढतात आणि कोनावर गुलाबाच्या पाकळ्यांसारखं लावून देतात. आम्ही दोन घेतली. मी फोटो काढत होते. वळून बघते तर शिरीष कोन हातात धरून तसाच उभा. आइस्क्रीम वितळून मनगटावरून बाहीत चाललं होतं आणि त्याला कळत नव्हतं. कळत असेल, पण त्याने काही केलं नाही.

आजीबाई छत्रीखालून बाहेर आल्या, ओल्या फडक्याने त्यांनी त्याचा हात कोपरापर्यंत पुसला, लहान मुलाचा पुसावा तसा.

"दमलेत वाटतं," त्या मला म्हणाल्या.

"हो, थोडे दमलेत."

एवढंच. जपानमध्ये 'दमलेत' हा शब्द सगळ्याला पुरतो. पुण्यात कोणी असतं तर विचारलं असतं काय झालं, कधीपासून, कोणाला दाखवलंत, आमच्या आत्याच्या जावेलाही असंच झालं होतं. त्या चौकशांचा मला आयुष्यभर वैताग होता. त्या दिवशी काळ्या कुंपणाशी उभी राहून मला वाटलं, कोणीतरी विचारा. कोणीतरी आगाऊपणे, नको इतकं विचारा.

ताझावा तळं

जपानमधलं हे सगळ्यात खोल तळं. त्याचा निळा रंग फोटोत खोटा वाटतो, म्हणून मी फोटो काढायचा नाद सोडला. काठाशी तळ स्पष्ट दिसतो आणि थोडं पुढे एकदम गडद. पलीकडे डोंगरावर अजून बर्फ होता.

काठावरच्या चहाच्या दुकानात गरम उदोन, म्हणजे रश्श्यातले जाडे नूडल्स, मागवले. मासे काय काय मिळतात इथे, असं मी सहज विचारलं. दुकानदार बाई म्हणाल्या, "पूर्वी खूप मिळायचे. इथेच मिळणारा एक वेगळा मासा होता. आमचे आजोबा कोळी होते. मग वीज आणि शेतीसाठी पलीकडच्या नदीचं पाणी तळ्यात सोडलं. त्या नदीचं पाणी भयंकर आंबट. मासे मेले."

मी मान हलवली. आणि शेजारून शिरीषचा आवाज आला. आदल्या सकाळपासून तो एक वाक्य बोलला नव्हता.

"गरम झऱ्यांचं पाणी असणार. आम्लाचं प्रमाण फार," तो मला मराठीत म्हणाला. मग बाईंकडे वळून जपानीत त्याने विचारलं, चुनखडी वापरतात का आता, वरच्या अंगाला? बाईंनी हो म्हणून सांगितलं, वर एक केंद्र आहे. तो पुढे सरसावून बसला. चॉपस्टिकने टेबलावर पाण्याच्या थेंबाने काहीतरी आकृती काढली. एवढं मोठं तळं पुन्हा गोडं करायचं तर किती पिढ्या लागतील, अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उतरतं ते कसं घातक, असं बरंच काही. त्याचे हात पूर्वीसारखे बोलताना हलत होते. माझे उदोन थंड झाले, पण मी चॉपस्टिकही हलवली नाही.

"त्यांना वाटलं असेल, तळं एवढं मोठं आहे, पचवेल," तो म्हणाला.

आणि तिथेच थांबला. त्याने टेबलावरचा पाण्याचा डाग तळहाताने पुसून टाकला. मी काही काही विचारत राहिले. चुनखडी का, दुसरं काही का नाही, माशांची अंडी कुठे जपली होती का. मला खरंच माहिती हवी आहे असा आव आणून मी विचारत होते आणि तो "माहीत नाही" म्हणत होता. चौथ्या की पाचव्या प्रश्नाला त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. तू थकू नकोस, असं काहीतरी होतं. मी प्रश्न थांबवले.

दरीतलं गाव

तिथून पुढे एका डब्याची गाडी जंगलातून जाते. नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. बीच नावाच्या झाडांना कोवळी पालवी आणि मुळांशी विरघळलेल्या बर्फाची गोल गोल खळगी. प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवतीचा बर्फ आधी वितळतो, झाडाला स्वतःची ऊब असते म्हणून, असं गाडीचे चालक सांगत होते. ते गाडी हळू करून प्रेक्षणीय जागाही दाखवत होते. डब्यात आम्ही दोघं आणि एक म्हातारे गृहस्थ, झोपलेले.

कुदो-साननी सुचवलेली खानावळवजा सराई नदीच्या वरच्या अंगाला होती. मालकीण सेत्सु-सान, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, कमरेतून वाकलेल्या, पण चालणं भरभर. त्यांची बोली मला निम्मीच कळायची. तिकडे 'खा' म्हणायला नुसतं 'के' म्हणतात. थंडीत तोंड जास्त उघडावं लागू नये म्हणून शब्द असे तोकडे, असं त्यांनीच हसत सांगितलं. ताट पुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "के."

जेवण मी विसरणार नाही. भात कुटून काठीवर थापून निखाऱ्यावर भाजतात आणि ते कोंबडीच्या रश्श्यात सोडतात. धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं. आणि रानभाज्या, कितीतरी प्रकारच्या. गोल वळलेले नेच्याचे कोंब, काटेरी झाडाचे कोवळे शेंडे तळलेले, बर्फातून पहिल्यांदा डोकं काढणारी एक कडू कळी मिसोत, आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, परतलेली. आपल्याकडे पावसाच्या सुरुवातीला शेवळं आणि टाकळा येतो तसंच. वर्षातली पहिली कडू भाजी खाल्ली की अंगातला हिवाळा उतरतो, असं सेत्सु-सान म्हणाल्या.

शिरीषने ती कडू कळी तोंडात घातली. मी बघत होते. त्याने चावली आणि गिळली.

"कडू आहे ना?" मी विचारलं.

"असेल," तो म्हणाला.

सराई येत्या शरदात बंद होणार होती. गावातली शाळा कधीच बंद झाली, दुकान मागच्या वर्षी. सेत्सु-सान हे सगळं लोणच्याची बशी सरकवत सांगत होत्या, हवामान सांगावं तसं. मुलगा सेंदाईला असतो, तो म्हणतो चल. "तिकडे जाऊन मी कोणाला काय खायला घालू?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पण मुलाजवळ बरं वाटेल. त्या म्हणाल्या, "बरं वाटण्याचं नाही हो काही. जायचं असतं, जायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या गरम पाण्याच्या हौदात अंघोळीला गेले. किती महिन्यांनी मी एकटी आणि निवांत होते. खिडकीतून नदी दिसत होती, बारीक पाऊस होता. मी जरा जास्तच वेळ बसले. वर आले तर अंथरूण घडी केलेलं होतं. शिरीष नव्हता. त्याचा फोन चटईवर होता, जाकीट खुंटीला होतं.

आधी मी त्याला संडासात शोधलं, मग अंगणात, मग रस्त्यावर. सेत्सु-सान स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि एकही प्रश्न न विचारता सरळ दाराकडे, चपलांच्या कपाटाकडे गेल्या.

"रबरी बूट घेऊन गेलेत," त्या म्हणाल्या. "ओकुसान, बाई, ऐका. बूट घेऊन गेलेत. पाय भिजू नयेत एवढा विचार त्यांनी केला आहे."

मी कपाटातल्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"आमचे हे गेले तेव्हा सगळे जोडे इथेच होते," त्या म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या.

गावात खांबांवर कर्णे आहेत. तोक्योतही आहेत, आमच्याकडे संध्याकाळी त्यावर गाणं वाजतं आणि मुलं खेळ सोडून घरी जातात. इथे त्या कर्ण्यातून माझ्या नवऱ्याचं वर्णन डोंगराला सांगितलं गेलं. परदेशी पुरुष, उंच, राखाडी स्वेटर, सराईचे काळे बूट. प्रत्येक शब्दानंतर प्रतिध्वनी. माणूस हरवला की तो एवढाच उरतो.

घराघरांतून लोक बाहेर आले. सगळे म्हातारे. अस्वलं लांब राहावीत म्हणून कमरेला घंटा बांधलेल्या, हातात काठ्या. कोणी मला काही विचारलं नाही. वाकून नमस्कार केला आणि एकेका वाटेने पांगले. मी सेत्सु-सानबरोबर नदीकाठाने पुलापर्यंत गेले. बर्फाचं पाणी होतं, मातकट, जोरात. सेत्सु-सान पाण्याकडे बघत होत्या, मी बघू शकत नव्हते. मी त्यांच्या एप्रनची नाडी धरून चालत होते हे मला नंतर कळलं, त्यांनी ती सोडवून माझा हात हातात घेतला तेव्हा.

शिरीष सापडला तो गेन्झो-सानना. हे गावातले शिकारी, आयुष्य अस्वलांच्या मागावर घालवलेले, आता एकटेच राहतात. नेहमीची वाट सोडून ते सरळ वर बीचच्या रानात गेले होते. दुपार व्हायच्या आधी दोघं पायवाटेने उतरताना दिसले. पुढे गेन्झो-सान, मागे शिरीष, गेन्झो-सानचा कोट घातलेला. विजारीला गुडघ्यापर्यंत बर्फ.

मी धावत गेले आणि त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या. सगळ्यांच्या देखत, मराठीत, काय काय बोलले ते मला आठवत नाही. लोकांनी तोंडं फिरवली, जपानी लोक फिरवतात तशी, दुसऱ्याच्या लाजेवर पांघरूण घालायला. तो हलला नाही. गेन्झो-सान सेत्सु-सानना म्हणाले, "बर्फात बसले होते. मीही बसलो शेजारी. मग उतरलो."

थोड्याच वेळात रस्ता रिकामा झाला. मी दारोदार जाऊन माफी मागायला निघाले तर सेत्सु-साननी थांबवलं. संध्याकाळी दाराशी कोणीतरी रानभाजीची जुडी ठेवून गेलं होतं, कोण ते कळलं नाही.

खोलीत खालून शेगडीने तापणाऱ्या टेबलाखाली पाय घालून आम्ही बसलो होतो. त्याचे ओठ अजून निळसर होते. मी विचारलं, "परत यायचं होतं ना तुला?"

"निघालो तेव्हा होतं."

"आणि मग?"

"वर जाऊन बसलो. मग उठायचं काही कारण दिसेना."

"इरा? मी?"

त्याने विचार केला. शिरीषने मला बरं वाटावं म्हणून कधी काही सांगितलेलं नाही. प्रयोगाचा निकाल हवा तसा आला नाही तर नाही आला म्हणणारा माणूस.

"आठवलात," तो म्हणाला. "पण फार लांब होतात. बंद काचेपलीकडे माणसं बोलताना दिसतात ना, तसं. मी प्रयत्न केला, वृंदा."

त्या क्षणी त्याने खोटं बोलावं असं मला वाटत होतं. एकदाच. मी त्याचे पाय माझ्या पायांमध्ये घेतले. ते इतके गार होते की मला हुडहुडी भरली, पण मी सोडले नाहीत.

परत

पुढे समुद्रकाठच्या डोंगराळ टोकावर जायचं ठरलं होतं, तिथे मुखवटे घालून दारोदार फिरणाऱ्या राक्षसांचं संग्रहालय आहे. ते रद्द केलं. सेत्सु-साननी भाताचे लाडू बांधून दिले. निरोप घेताना इथले सराईवाले 'पुन्हा या' म्हणतात. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी शिरीषच्या दंडाला दोन्ही हातांनी धरलं आणि फक्त म्हणाल्या, "के. रोज के." खा, रोज खा. गाडी सुटेपर्यंत त्या फलाटावर पावसात उभ्या होत्या.

वाचणाऱ्यांना प्रश्न पडेल, म्हणून सांगते. आता शिरीष इस्पितळात आहे. मी रविवारी जाते. औषधांनी त्याचं वजन वाढलंय, हात थरथरतात. बरा होईल का, या प्रश्नाला डॉक्टर "वेळ लागेल" म्हणतात, आणि किती ते सांगत नाहीत. अकिताला नेलं याचा उपयोग झाला का, असं मंजिरीने विचारलं. नाही झाला. ते रान, ते तळं, ती माणसं सगळं सुंदर आणि भलं होतं, आणि त्यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचलं नाही. कोणी सांगितलं की घेऊन जा निसर्गात, तर जरूर जा, पण मुक्कामाला पोचून अंघोळीला जाताना दार उघडं ठेवा.

पण शेवटी मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, आम्ही परतलो त्या दुपारचं. स्टेशनवरून मी इस्पितळाला फोन केला होता. खाट मिळायला आठवडा लागणार होता. तोवर त्यांना एकटं ठेवू नका, असं नर्सने पुन्हा पुन्हा बजावलं. मंजिरी इराला घेऊन घरी आली होती. शिरीष आत जाऊन सोफ्यावर बसला. मी इराला बाल्कनीत नेलं, दार ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. तेरा वर्षांच्या मुलीला कोणत्या शब्दांत सांगायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून साध्या शब्दांत सांगितलं. ती रेलिंगला टेकून ऐकत होती. रडली नाही. खाली मैदानात मुलं बेसबॉल खेळत होती.

"आई, तुझी शाळा कधीपासून?"

"सोमवारपासून. मी रजा मागणार आहे, मिळेल की नाही माहीत नाही."

तिने काचेतून आत बाबाकडे बघितलं.

"तू सकाळी थांब," ती म्हणाली. "उशिरा जाईन म्हणून सांग शाळेत. मधल्या वेळात मंजिरीमावशीला बसायला सांगू. मी बास्केटबॉल सोडते. दुपारी लवकर येऊन मी बसेन त्याच्याजवळ."

मी नाही म्हणायला हवं होतं. तुझं हे वय नाही, तुझं हे काम नाही, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं."

ती आत गेली, दप्तर आणलं आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला पाय वर घेऊन बसली. गृहपाठाची वही उघडली. आणि प्रत्येक ओळीनंतर मान वर करून ती त्याच्याकडे बघू लागली.